वाघोबाच्या खिंडीपलीकडची मजल

एका दिवसात जव्हारास जाऊन यावयाचे, असा बेत आमच्या माहीमच्या ओटीवर आता कोणीही रात्रीच्या जेवणानंतर सहज करतो. एकाने गाडीची जबाबदारी घ्यावी, दुसऱ्याने दाभोशाचा धबधबा सुचवावा, तिसऱ्याने पावसाची शंका काढावी आणि सर्व काही ठरले असे समजून मंडळींनी पांगावे, इतके ते सोपे झाले आहे. पालघरपासून जव्हारपर्यंतचे अंतर ७०-७५ किलोमीटरांच्या आसपास. सकाळी चहा घेऊन निघाले की दुपारच्या जेवणाच्या वेळेला माणूस दीड हजार फुटांवर पोहोचलेला असतो. परंतु हाच बेत आमच्या पणजोबांच्या पिढीने केला असता, तर त्यांना प्रथम पंचांग पाहावे लागले असते, मग भरती-ओहोटीचा हिशेब करावा लागला असता, मग बैलांच्या खुरांकडे पाहावे लागले असते, आणि एवढे सगळे जुळल्यावरही 'एका दिवसात' हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नसते.

जुन्या प्रवासाचे माप मैल किंवा कोस हे नव्हते, मजल हे होते. हा शब्द अरबी 'मंझिल'वरून आपल्याकडे आला, आणि फौजांच्या, टपालाच्या व वसुलाच्या कागदांतून फिरत फिरत शेतकऱ्याच्या बोलण्यात स्थिरावला. मजल म्हणजे नुसते अंतर नव्हे; जेथे पाणी आहे, वैरण आहे, आणि रात्री निजल्यावर सकाळी उठण्याची बऱ्यापैकी खात्री आहे, अशा दोन ठिकाणांमधील चाल म्हणजे मजल. भरलेली बैलगाडी ताशी दीड-दोन मैल चालते असे धरले, तर माहीमहून वाघोबाच्या खिंडीपर्यंतचे सुमारे १५ किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबातले चार-पाच कोस, कापण्यास पाच-सहा तास लागत. पहाटे निघालेली गाडी दुपारी खिंडीत, आणि तेथे बैल सोडून लगेच परत फिरली तर दिवेलागणीच्या पुढे माहीमात. म्हणजे माहीमकराची एका दिवसाची सहल, तिला सहल म्हणावयाचेच असेल तर, खिंडीच्या माथ्यावर संपत असे. पलीकडे जे निळसर दिसे ते सूर्या-वैतरणेचे खोरे. ते पाहता येई, पण त्याच दिवशी त्यात उतरून परत येता येत नसे.

ज्या गावाविषयी मी हे लिहीत आहे ते आज पालघर तालुक्यातील समुद्रकाठचे एक मोठे खेडे आहे, आणि मुंबईच्या माहीमशी घोटाळा होऊ नये म्हणून त्याला शेजारच्या गावाचे नाव जोडून केळवे-माहीम म्हणावे लागते. पण एके काळी खुद्द माहीम हेच नगर होते, हे विसरून या वाटेचा इतिहास समजत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीतील बिंब राजांची महिकावती कोणती, हा वाद जुना आहे. एक पक्ष ती आमचे माहीम मानतो, दुसरा मुंबईचे. आमच्या गावात महिकावती देवीचे देऊळ असल्यामुळे आमच्यापुरता तो वाद केव्हाच निकालात निघाला आहे, आणि या बाबतीत मी निःपक्षपाती असल्याचा आव आणणार नाही. मात्र राजधानीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी पोर्तुगीज अमदानीत येथे किल्ला होता, बंदर होते, पेशवाईत परगणा होता, आणि इंग्रजीत तर तालुक्यालाच माहीम तालुका असे नाव होते. जेम्स कॅम्पबेल यांनी १८८२ साली संपादिलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात पालघर हे त्या तालुक्यातले एक रेल्वे स्टेशन म्हणून येते, आणि मामलेदाराची कचेरी माहीमात असते. नगर खाली समुद्राकाठी आणि रान वर डोंगरात, अशी ती मांडणी होती.

या दोहोंच्या मध्ये वाघोबा बसलेला होता. पालघरहून मनोरकडे जाताना डोंगरांची जी पहिली रांग आडवी येते तिच्यातली ही खिंड. वर काळदुर्गाचा कातळ, दोन्ही अंगांना झाडी, आणि रस्त्याच्या कडेला वाघोबाचे ठाणे. डोंगरातील वारल्यांचा वाघदेव म्हणजे शेंदूर फासलेले लाकूड किंवा पाषाण, त्यावर कोरलेला वाघ आणि वर चंद्र-सूर्य. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, त्याची पूजा होते व गुराख्यांची पोरे त्या दिवशी हक्काने जेवण वसूल करतात. खिंडीतला वाघोबा मात्र केवळ वारल्यांचा राहिला नाही. वाडवळ, भंडारी, मांगेले, वाणी, मुसलमान गाडीवान, जो कोणी खिंड चढला त्याने येथे थांबावे असा शिरस्ता पडला, आणि तो इतका दृढ झाला की आज मालमोटारीचा परप्रांतीय चालकदेखील वेग कमी करून हात जोडतो. यात मला श्रद्धेइतकाच व्यवहार दिसतो. चढ संपल्यावर बैलांना दम खाऊ देणे आवश्यक असे, मागे राहिलेल्या गाड्या येऊन मिळाल्याशिवाय उतरणीच्या रानात शिरणे शहाणपणाचे नसे, आणि थांबण्यासाठी देवासारखे दुसरे निमित्त नाही. एकटा गाडीवान भीतीने थांबला तर तो भित्रा ठरतो, नारळ फोडण्यास थांबला तर भाविक. देवस्थाने वाटेवर नेमकी कोठे बसतात याचा कोणी नकाशा काढील, तर बहुतेक ठिकाणी त्याला बैलाच्या दमाचे गणित सापडेल.

खिंड टाळून खोऱ्यात शिरण्याचा दुसरा एक मार्ग होता, तो पाण्याचा. त्र्यंबकेश्वराच्या डोंगरांत उगम पावलेली वैतरणा जव्हार-मोखाड्याचा मुलूख भिजवून खाली येते, आणि मनोरपर्यंत तिच्यात भरतीचे पाणी चढते. केळव्याच्या दांडा खाडीतून बाहेर पडावे, किनाऱ्याने दक्षिणेकडे दातिवऱ्याचा किल्ला डाव्या हाताला ठेवून वैतरणेच्या मुखाशी यावे, भरती लागताच आत शिरावे आणि पाण्याच्या पाठीवर बसून मनोरास पोहोचावे. ओहोटी लागली की परत. ऐकताना हे सोपे वाटते, पण भरती दररोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, उधाणाच्या दिवसांत पाण्याला जोर असतो तर भांगाच्या दिवसांत नाव मध्येच चिखलात बसते, आणि म्हणून मनोरचा बेत करणाऱ्याला वाराऐवजी तिथी विचारावी लागे. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे निघालेला माणूस शहाणा. अष्टमीला निघालेला, कोळ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर, चिखल मोजायला निघालेला. पुराणांनी वैतरणी ही यमलोकाच्या वाटेवरची नदी ठरविली आहे. आमच्या वैतरणेचा तिच्याशी नावापलीकडे संबंध असो वा नसो, भांगाच्या ओहोटीत अडकलेल्या खलाशाला तो पटत असावा.

या पाण्यावरून वर जे जाई आणि खाली जे येई, त्यात समानता नव्हती. वर जाई मीठ, सुके बोंबील, सुकट, थोडे कापड. खाली येई सागवान, सरपण, कोळसा, नाचणी, वरई. किनाऱ्यावरची घरे ज्या खांबांवर उभी आहेत, गलबतांच्या पाठी ज्या लाकडांच्या आहेत, ते सगळे या खोऱ्याच्या रानातून आलेले. पोर्तुगीजांनी हे आपल्याहून अधिक त्वरेने ओळखले. वसईचा कोट बांधून स्थिरावताच त्यांचे लक्ष डोंगराकडे वळले, आणि १५५६ साली फ्रान्सिस्को बार्रेतो गव्हर्नर असताना त्यांनी अशेरी व मनोर ही दोन्ही ठाणी हस्तगत केली. दर्यावर्दी राष्ट्राने समुद्र सोडून डोंगराच्या टोकावर शिबंदी ठेवावी, याचे कारण अशेरीच्या भोवतीच्या सागवानात होते. जहाजांना लाकूड पाहिजे आणि ते लाकूड ज्या रानात, त्या रानाची किल्ली म्हणजे अशेरी. खोडकोण्याच्या बाजूने आज गड चढणारे तरुण कातळातल्या तुटक्या पायऱ्या ओलांडून वर येतात, तेव्हा वाटेत पडलेल्या शिळेवरचे पोर्तुगीज राजचिन्ह त्यांना दिसते. मुकुट कोरलेला आहे, आणि अहमदाबादच्या महामार्गावरून जाणाऱ्या मोटारींचा आवाज तेथपर्यंत ऐकू येतो.

पुढे चिमाजी आप्पांच्या मोहिमेत, १७३९ च्या जानेवारीत, माहीम व तारापूर ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली. त्याआधीच्या वर्षी माहीमपुढे मराठ्यांचा मोड झाला होता आणि आता तारापूर घेताना बाजी भिवराव रेठरेकर कामास आले, हे लक्षात घेतले म्हणजे ही ठाणी किती महाग पडली ते समजते. अशेरीही याच मोहिमेत मराठ्यांकडे आली. मे महिन्यात वसई पडली आणि तेथे शंकराजी केशव फडके सरसुभेदार झाले. राज्य बदलले, पण खोऱ्याकडे पाहण्याची नगराची दृष्टी बदलली असे मला वाटत नाही. परगणा, कमाविसदार, जकात, राहदारी, दस्तक हे शब्द आले; लाकडाची नाव मात्र पूर्वीसारखीच खाली येत राहिली.

खोऱ्याच्या वर जव्हार. तेथील मुकणे हे महादेव कोळी राजघराणे, आणि त्याच्या मूळपुरुषाविषयी जी कथा सांगतात ती ऐकून परदेशी विद्वान चकित झाले. पौपेरा नावाच्या या पुरुषाने वारली नायकाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि ती कबूल होताच कातड्याची बारीक वादी कापून तिने सबंध डोंगर वेढला. कार्थेजची राणी डायडो हिच्याविषयी रोमन लोक हीच गोष्ट सांगत. भूमध्य समुद्राच्या काठची कथा जव्हारच्या माळावर कशी आली, की दोन्हीकडच्या बळकावणाऱ्यांना एकच युक्ती सुचली, याचा निर्णय पंडितांनी करावा. मला त्या कथेत वारली नायकाचे भोळेपण दिसते, आणि पुढच्या सहाशे वर्षांची ती नांदी वाटते. पौपेऱ्याचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली ती ५ जून १३४३ रोजी, आणि त्या दिवसापासून जव्हारच्या दप्तरात स्वतंत्र शक चालू झाला. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांची व जव्हारच्या विक्रमशहाची भेट शिरपामाळावर झाली आणि तेथे महाराजांना शिरपेच अर्पण केला गेला, अशी परंपरा आहे. ही मैत्री टिकली नाही. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले आणि विक्रमशहा घाटावर नाशिककडे निघून गेला. तरीही राज्य कोठे ना कोठे तगून राहिले, आणि १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत खिंडीपलीकडची वाट एका वेगळ्या राज्यात जात होती.

जव्हारकडे नियमाने, ठरलेल्या तारखेला आणि ठरलेल्या मजला करून जाणारी मंडळी दोनच प्रकारची: व्यापारी आणि अंमलदार. व्यापाऱ्याचा बेत नफ्या-तोट्यावर चाले. अंमलदाराच्या बेताला मात्र फिरती म्हणत, आणि तिची आखणी ज्या कौशल्याने होई ते पाहून आजच्या सहलीच्या ठेकेदारांनी लाजावे. कोणत्या गावी मुक्काम, तेथे तंबू किंवा चावडी, कोंबडी, दूध, सरपण, घोड्याला चंदी, पुढच्या गावापर्यंत सामान वाहण्यास माणसे, याचे हुकूम आठवडाभर आधी पाटलाकडे जात. पाटील ते वारली-कातकऱ्यांच्या पाड्यावर पोहोचवी. माणसे भात लावीत असोत की कापीत असोत, त्यांनी ओझे उचलून चालावयाचे. त्याला वेठ म्हणत, आणि तिचा मोबदला कागदावर असलाच तरी हातात पडेपर्यंत बहुधा विरून जाई. जमीनदार व सावकार यांनी याच वेठीचा कित्ता गिरवला. साहेबाला मनोरच्या नदीकाठची सकाळ रम्य वाटली असे दैनंदिनीत लिहिले गेले असेल. त्या सकाळी त्याचा तंबू डोक्यावर घेऊन जो पुढे गेला त्याने काही लिहिले नाही, कारण त्याला लिहिता येत नव्हते.

या खोऱ्याशी माहीमच्या वाडवळ बागाईतदाराचे आणखी एक नाते होते, ते राबाचे. भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजावी लागते, त्यासाठी झाडांचे टाहाळ, पालापाचोळा, शेण हे सर्व लागते, आणि टाहाळ रानातून येतो. १८७८ चा जंगल कायदा झाला, राने राखीव झाली आणि कुऱ्हाड घेऊन निघालेला माणूस एका रात्रीत गुन्हेगार ठरला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत यावरून इतकी आरडाओरड झाली की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी मुंबई जंगल कमिशन नेमावे लागले. त्या चौकशीत किनाऱ्यावरचा बागाईतदार व डोंगरातला वारली हे प्रथमच एका बाजूला उभे दिसतात. तो योग फार दिवस टिकला नाही. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ व लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी सावकाराचा गडी होऊन राबणे) या प्रथा झुगारल्या, आणि त्या ऑक्टोबरात तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांतील सुशिक्षितांपैकी कितीजणांची सहानुभूती डोंगराकडे होती, हे आम्ही आमच्याच घरांतल्या जुन्या माणसांना विचारावे. मी विचारले होते. उत्तर आले नाही. आजोबांनी अडकित्ता उचलला.

रेल्वे आली ती १८६४ साली. मुंबई-बडोदा रेल्वेचा मार्ग वैतरणेवरून पूल टाकून माहीमच्या पूर्वेला दोनेक कोसांवरून गेला, आणि पालघर नावाचे स्टेशन झाले. माहीमला वाटले, स्टेशन आपल्या सेवेसाठी आहे. प्रारंभी तसेच होते. आमच्या पानमळ्यांतील पाने, केळी, भाजी बैलगाडीतून पालघरास जाऊन तेथून रवाना होऊ लागली, आणि बागाईतदाराला सुगीचे दिवस आले. पण ज्या वाटेवर माल उतरतो तेथेच पेढ्या होतात, पेढ्या होतात तेथे वकील येतात, आणि वकिलांच्या मागे कचेरी येते. माहीमची कचेरीही तशीच गेली. पुढे तालुक्याचे नावही बदलले. १९४२ च्या ऑगस्टात, १४ तारखेला, आसपासच्या गावांतील लोकांचा मोर्चा निघाला तो पालघरच्या कचेरीवर. तेथे गोळीबारात नांदगाव, सातपाटी, मुरबे, सालवड व खुद्द पालघर येथील पाचजणांना हौतात्म्य आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ पालघरात पाचबत्ती उभी आहे. तोपर्यंत नगर कोणते याचा निकाल लागून गेला होता. २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. ज्या स्टेशनाचा उल्लेख माहीम तालुक्यातील एक ठिकाण असा होत असे, त्याच्या नावाच्या जिल्ह्यात आता माहीम, मनोर, जव्हार आणि मोखाडा ही सर्व एकत्र नांदतात.

अशा रीतीने जे नगर डोंगराकडे गाड्या धाडीत असे ते स्वतःच दुसऱ्यांच्या सहलीचे ठिकाण झाले. रविवारी केळवे रोड स्टेशनावर मुंबईची मंडळी उतरतात, रिक्षाने केळव्याच्या सुरूच्या बनात जातात, शितलादेवीचे दर्शन घेतात, वाडीतले जेवण जेवतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. त्यांच्या टिपणांत माहीमच्या वाट्याला पडक्या किल्ल्याची एक ओळ येते. मला याचा विषाद वाटला असता. पण मनोर, विक्रमगड आणि जव्हार यांनी शतकानुशतके आमच्याकडून हेच भोगले, हे आठवले की विषादाला जागा राहत नाही. आजही तेच चालू आहे: धामणीला धरण होऊन सूर्येचे पाणी तारापूरच्या कारखान्यांना आणि मासवणहून वसई-विरारच्या नळांना जाते. पूर्वी नाव जे नेत असे ते आता नळ नेतो.

तर जव्हारचा बेत करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. पंचांग पाहू नका, त्याची गरज उरली नाही. पण श्रावणात निघणार असाल तर पहाटेच निघा, कारण मस्तान नाक्यावर महामार्ग ओलांडण्यात जो वेळ जातो तो कोणत्याही भांगाच्या ओहोटीहून कमी नाही. दाभोशाला पाण्यात उतरू नका. वाटेत काकडी, करटोली, रानकेळी घेऊन बसलेल्या बायका दिसतील. त्यांच्याशी घासाघीस करू नका, आमच्याकडून त्यांचे पुष्कळ येणे बाकी आहे. आणि परतताना वाघोबाच्या खिंडीत, दिवस असेपर्यंत पोहोचा व थोडे थांबा. गाडीला दम खाण्याची जरूर नसली तरी तेथून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे स्वच्छ संध्याकाळी पालघरच्या इमारतींच्या पलीकडे माहीमच्या माडांची काळी रेघ दिसते.